स्कल किंग: जजमेंटवाल्यांसाठी चाच्यांचा डाव

उतारी_माझी

मंडळी, दिवाळीत भाचा अमेरिकेहून आला आणि येताना 'स्कल किंग'चा कॅट घेऊन आला. तेव्हापासून आमच्या घरी रमी, बदाम सात, पाच-तीन-दोन सगळं माळ्यावर गेलं आहे. चार घरी जाऊन शिकवून झालं, दर वेळी तेच प्रश्न येतात. त्यातून सूचनांचा कागद आमच्या धाकट्याने कुठेतरी हरवला. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

पहिली गोष्ट. ज्याला जजमेंट येतं त्याला हा खेळ निम्मा आधीच येतो. पानं वाटायची, आपले किती हात होतील (सगळ्यांनी एकेक पान टाकायचं, त्यात ज्याचं जिंकेल त्याचा एक हात) ते बोलायचं आणि तेवढेच करायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही. खजिना जास्त लुटणाऱ्याला मिळत नाही, बोलला तेवढाच लुटणाऱ्याला मिळतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळा तपशील आहे. फक्त तपशील बराच आहे.

कॅटमध्ये ७० पानं. त्यातली ५६ आकड्यांची: चार रंग, प्रत्येकात १ ते १४. हिरवे पोपट, पिवळ्या खजिन्याच्या पेट्या, जांभळे नकाशे आणि काळ्या रंगात कवटीचं निशाण. एक्का-राजा-राणी भानगड नाही, १४ मोठा आणि १ छोटा. काळा रंग कायमचा हुकूम. आपल्या जजमेंटमध्ये दर डावाला हुकूम बदलतो आणि निम्म्या वेळा कुणीतरी विचारतं, 'आत्ता काय चालू आहे, किलवर ना?' तो त्रास इथे नाही.

उरलेली १४ पानं खास. नावं आमच्या घरी पडली तीच वापरतो:

पांढरी निशाणं ५. ही कधीच जिंकत नाहीत. शरणागती.
चाचे ५. कुठल्याही आकड्याला मारतात, काळ्या १४ लासुद्धा.
वाघीण १. टाकताना सांगायचं, चाचा म्हणून टाकते आहे की निशाण म्हणून.
जलपऱ्या २. आकड्यांना मारतात, पण चाच्यापुढे हरतात.
कवटीराजा १, म्हणजे खुद्द स्कल किंग. चाच्यांना मारतो, आकड्यांना मारतो. हरतो फक्त जलपरीपुढे.

थोडक्यात दगड-कागद-कात्री. चाचा जलपरीला, जलपरी राजाला, राजा चाच्याला. आकडे बिचारे सगळ्यांच्या खाली.

डाव एकूण १०. पहिल्याला प्रत्येकी १ पान, दुसऱ्याला २, असं करत शेवटच्याला १०. वाटप झालं की सगळ्यांनी मूठ पुढे धरायची, 'यो-हो-हो' म्हणायचं आणि तिसऱ्या 'हो'ला एकदमच बोटं उघडायची. जितकी बोटं तितक्या हातांची बोली. मूठ मिटलेलीच राहिली तर शून्य. (आई 'यो-हो-हो' म्हणायला तयार नाही. ती 'एक-दोन-साडेमाडे-तीन' म्हणते. चालतं.)

पिसणाऱ्याच्या डावीकडचा उतारी करतो, म्हणजे हातातलं पहिलं पान टाकतो. ज्या रंगाची उतारी तो रंग असेल तर द्यावाच लागतो, नसेल तर हवं ते पान, हुकूमसुद्धा. मात्र खास पानं रंग हातात असतानाही टाकता येतात. नवीन माणूस इथेच अडखळतो, तेव्हा परत लिहितो: हातात पोपट आहेत, उतारी पोपटाची आहे, तरी तुम्ही चाचा किंवा निशाण टाकू शकता. आकड्याचं पान टाकायचं असेल तर मात्र पोपटच.

उतारीलाच पांढरं निशाण पडलं तर रंग पुढचं आकड्याचं पान ठरवतं. उतारीला चाचा, जलपरी किंवा राजा पडला तर त्या हाताला रंगच नाही, ज्याला जे हवं ते टाकावं. एकाच हातात दोन चाचे पडले तर आधी पडलेला जिंकतो. हे नीट लक्षात ठेवा, निम्मी हुशारी यावर चालते.

गुण असे. बोली १ किंवा जास्त आणि बरोबर निघाली, तर दर हाताला २०. चुकली तर जितक्या हातांनी चुकली त्याला दर हाताला उणे १०, आणि केलेल्या हातांचं काही नाही. शून्याची बोली वेगळी. बरोबर आली तर त्या डावात जितकी पानं त्याच्या १० पट, चुकली तर तितकेच उणे. मग एक हात झाला काय आणि तीन झाले काय.

पाचव्या डावाचं उदाहरण घ्या, चौघं खेळतायत:

आई शून्य बोलली, शून्य केले: अधिक ५०
मी २ बोललो, २ केले: अधिक ४०
बायको १ बोलली, २ झाले: उणे १०
भाचा २ बोलला, १ झाला: उणे १०

वर बोनस. आपल्या हातांत कुठल्याही साध्या रंगाचा १४ आला तर १०, काळा १४ आला तर २०. आपल्या चाच्याने जलपरी पकडली तर दर जलपरीला २०. राजाने चाचे पकडले तर दर चाच्याला ३०. जलपरीने राजा पकडला तर ४०. पण हे सगळं बोली बरोबर आली तरच. बोली हुकली की बोनसही समुद्रात.

बस, एवढ्यावर खेळायला बसता येतं. पहिले तीन डाव पाच मिनिटांत उरकतात, तोवर शिकणं होऊन जातं. प्रश्न असतील तर विचारा.

हुकूमशाही

मस्त लिहिलंत. वाखु (वाचनखूण) साठवली.

हा म्हणजे जजमेंटचाच चुलतभाऊ दिसतो. आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे त्याला काचूफूल म्हणतात. काळी, चुकट, फुल्ली, लाल अशी हुकमाच्या क्रमाची आद्याक्षरं जोडून. एक शंका: जजमेंटमध्ये शेवटी बोलणाऱ्याला एकूण बेरीज पानांइतकी होईल अशी बोली करता येत नाही, म्हणजे कुणीतरी एक हमखास बुडतो. इथे तसं काही नाही का?

उतारी_माझी

नाही, आणि मला वाटतं खेळाची खरी मजा तिथेच बदलते. सगळे एकदम बोटं उघडतात, त्यामुळे कुणाला कुणाचं ऐकून बोली लावता येत नाही. पाच पानांच्या डावात बेरीज कधी ८ होते, कधी २. आणि कधी बरोबर ५ होते. मग सगळे सुखाने घरी जाऊ शकतात, पण जात नाहीत.

पेटीवाला

या घराण्याचं थोडं अवांतर. इंग्रजीत 'ओ हेल' नावाने हा खेळ १९३० च्या सुमारास छापील नियमांत आला. १९८४ मध्ये केन फिशर या कॅनडातल्या गृहस्थाने त्यात चार जादूगार आणि चार विदूषक घालून ६० पानांचा 'विझार्ड' केला. जादूगार सगळ्यांना मारणार, विदूषक सगळ्यांपुढे हरणार. स्कल किंग त्यानंतरचा, २०१३ चा, ब्रेंट बेक यांचा. विझार्डमध्ये जादूगार हातात आला की हात जवळपास पक्का. इथे चाच्याच्या वर राजा, राजाच्या वर जलपरी, जलपरीच्या वर परत चाचा. हातात कुठलंही पान असो, 'हा हात माझाच' असं छातीठोक म्हणता येत नाही.

माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे. त्यात आकडे १३ पर्यंतच आणि वाघिणीच्या जागी 'स्केरी मेरी' आहे. काम तेच. बोनसही वेगळा: राजा पकडणाऱ्या जलपरीला ४० नाही, ५०. तेव्हा दोन घरांतले लोक एकत्र बसलात तर आधी कुठली आवृत्ती ते ठरवा. आमच्याकडे यावरून एक साडू दोन दिवस बोलत नव्हता.

शिडाची_नाव

काल रात्रीचा तंटा. उतारी पेटी ९. मग चाचा. मग जलपरी. मग राजा. मी राजा टाकला होता. माझं म्हणणं, शेवटी राजा पडला, त्याने चाचा मारला, हात माझा, वर ३० बोनस. जाऊबाई म्हणतात हात जलपरीचा. पण जलपरीला तर चाच्याने आधीच पकडलं होतं ना?!

उतारी_माझी

जाऊबाई बरोबर. चाचा, जलपरी, राजा तिघं एका हातात आले की क्रम काहीही असो, हात जलपरीचा. त्यांना राजा पकडल्याचे ४०, अर्थात बोली बरोबर आली असली तर. तुम्हाला चाच्याचे ३० नाहीत, कारण हात तुमचा झालाच नाही.

शिडाची_नाव

आली होती हो बोली बरोबर. ठीक आहे. चहा मलाच करायला लागणार.

काळा_चौदा

मी या खेळात बऱ्यापैकी मुरलोय, दर शनिवारी आमचं सहा जणांचं टोळकं बसतं. बोलीविषयी चार शब्द. पटलं तर घ्या.

७० पैकी १४ पानं खास, म्हणजे दर पाचवं पान खास आहे. दहा पानांच्या डावात सरासरीने प्रत्येकाकडे दोन येतात. त्यामुळे 'माझ्याकडे नकाशा १४ आहे, एक हात पक्का' असं मोठ्या डावात धरू नका. कुणीतरी नकाशा संपलेला असतो, तो काळं मारतो, नाहीतर चाचा बसलेला असतोच. छोट्या डावात मात्र उलट. चौघांत पहिल्या डावात चारच पानं बाहेर आहेत, ६६ डब्यात. तेव्हा उतारी तुमची असेल तर पेटी १२ वर सुद्धा एक बोट दाखवावं. तेच पान उतारी दुसऱ्याची असताना आलं तर मी मूठ मिटतो. रंग जुळला नाही तर १२ काय आणि २ काय.

चाचा हातात असेल आणि हात हवा असेल तर तो उतारीलाच टाका. पुढे कुणी चाचा टाकला तरी पहिला तुमचा. जलपरी आली तर तुमचीच, वर २० बोनस. भीती फक्त राजाची. आणि रंग नसल्यामुळे शून्यवाले आपापली मोठी पानं याच हातात फेकतात, काळा १४ सुद्धा. अख्ख्या डावातला सगळ्यात भरलेला हात असा होतो.

उलट, शून्य बोललाय आणि हातात चाचा आहे तर घाबरू नका. दुसऱ्या कुणाच्या चाच्याची वाट बघा आणि त्याच्या मागून आपला टाका. गेला! वाघीण तर शून्यवाल्याची सख्खी मावशी. खरा जीव घेतात ती मधली पानं, ६ ते १०. मोठं पान लवकर कुणाच्यातरी खाली फेकता येतं, छोटं कधीच जिंकत नाही, पण ७ चा पोपट असा असतो की शेवटच्या हातात तीन जणांकडे पोपट नसतो आणि तुमचा सातच मोठा ठरतो. म्हणजे खरोखरचा पोपट.

आणि शेवटचं. बोटं उघडली की पहिल्यांदा बेरीज करा. पानं ७, बेरीज १० असेल तर सगळे हातांसाठी भांडणार. तुमच्या जलपरीवर विसंबू नका. बेरीज ४ असेल तर तीन हात अनाथ फिरणार आहेत आणि ते कुणाच्यातरी गळ्यात पडणार. अशा डावात शून्यवाल्याचे हाल कुत्रा खात नाही. आमच्यातला एक जण बेरीज करतच नाही, आणि दर शनिवारी वडापाव त्याच्याकडूनच असतात.

हुकूमशाही

'अनाथ हात' शब्द आवडला. उद्यापासून आमच्याकडे चालू.

बंदराचा_दिवा

अवांतर आहे, पण राहवत नाही. 'चाचे' म्हणून मजा करताना एक लक्षात ठेवा, ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत मराठ्यांचे आरमारप्रमुख सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं आहे. त्यांचं दस्तक (परवाना) न घेता जाणारी जहाजं ते पकडत. तो राज्याच्या आरमाराचा अधिकार होता, लूटमार नव्हे. १७२९ मध्ये ते गेले, तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना हटवू शकले नाहीत. खरा चाचा बघायचा तर हेन्री एव्हरी. १६९५ मध्ये मक्केहून सुरतेकडे येणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' त्याने लुटलं आणि माल घेऊन नाहीसा झाला.

पेटीवाला

बंदराचा_दिवा, पूर्ण सहमत. पण आंग्र्यांवर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. इथे आता तीन पानं त्यावरच होतील आणि बिचाऱ्या शिडाची_नाव यांना पुढच्या भांडणाचं उत्तर मिळणार नाही.

गुहागरचो_झील

ह्या बरा झाला. गणपतीक घराक जातंय, तेव्हा जागरणाक हो खेळ घेवन जातंय. आमच्याकडे रात्री पंधरा-वीस माणसां असतत. कितीजण खेळूक शकतत?

उतारी_माझी

आठ जणांपर्यंत. सात जण आणि ७० पानं असतील तर दहाव्या डावात सगळी पानं वाटली जातात, एकही शिल्लक राहत नाही, म्हणजे सगळे चाचे, दोन्ही जलपऱ्या आणि राजा नक्की बाहेर. तो डाव वेगळाच रंगतो. आठ जणांना दहा-दहा पानं पुरतच नाहीत, तेव्हा शेवटच्या डावांना कमी वाटायची. वीस माणसांचे मात्र तीन कंपू करा.

दोघांनाही खेळता येतं. तिसऱ्या, नसलेल्या 'भुता'लाही पानं वाटतात. नवरा-बायकोने खेळू नये असं माझं अनुभवाचं मत.

मुक्काम_न्यूजर्सी

आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत हाच चालतो. आमच्या डब्यात चार जास्तीची पानं आहेत: क्राकेन, पांढरा देवमासा आणि दोन लुटीची पानं. सुरुवातीला बाजूला ठेवा, पण दहाएक डाव झाल्यावर घ्याच.

क्राकेन म्हणजे तो मोठा अष्टपाद. तो पडला की अख्खा हात समुद्रात. कुणालाच मिळत नाही. एरवी ज्याचा झाला असता त्याने पुढची उतारी करायची. देवमासा पडला की खास पानांची ताकद जाते, रंगही जातो, आणि सगळ्यात मोठा आकडा जिंकतो. हुकूमही साधा होतो. राजा टाकून ऐटीत बसलेल्या माणसापुढे ११ चा पोपट हात घेऊन जातो तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

लुटीचं पान टाकलंत तर तो हात जिंकणाऱ्याशी तुमची युती. दोघांच्याही बोल्या बरोबर आल्या तर दोघांना २०-२०. गंमत अशी, की आत्तापर्यंत ज्याला बुडवायला बसला होतात त्यालाच आता सांभाळून न्यायचं. आमच्यातले एक काका युती झाली की मोठ्याने 'आपण आता एक आहोत हं' म्हणतात आणि पुढच्याच हाताला विसरून त्याला बुडवतात.

शिडाची_नाव

क्राकेन पडला की मग बेरजेचं काय? सात पानांत हात सहाच होणार ना?

मुक्काम_न्यूजर्सी

अगदी. म्हणूनच हात हवे असणारे क्राकेनला घाबरतात आणि शून्यवाले त्याला उदबत्ती लावतात.

गच्चीवरचा_डाव

इथे हा डबा सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. आमचा देशी उपाय सांगतो. एकाच छापाचे, पाठ एकसारखी असलेले दोन साधे कॅट आणा. पहिल्यातली ५२ पानं तशीच: एक्का १ समजा, गुलाम ११, राणी १२, राजा १३. इस्पिक कायम हुकूम. दुसऱ्या कॅटमधली १४ पानं काढून त्यांच्यावर मार्करने लिहा: ५ चाचे, ५ निशाणं, २ जलपऱ्या, १ वाघीण, १ कवटीराजा. एकूण ६६ पानं. १४ चा आकडा नसल्यामुळे बोनस १३ ला द्या. जुन्या आवृत्तीतही १३ पर्यंतच होते असं वर पेटीवाल्यांनी लिहिलंय, तेव्हा चोरी नाही, परंपरा समजा.

दोन सूचना. एक, मार्कर पाठीला उमटत नाही ना ते आधी बघा. आमचा पहिला राजा मागूनच ओळखू यायचा. दोन, सहापेक्षा जास्त माणसं बसवू नका. सात जणांना दहा-दहा पानं म्हणजे ७०, आपल्याकडे ६६.

काळा_चौदा

+१. पुठ्ठ्याच्या पानांवर वॉटरप्रूफ शाई पसरत नाही. प्लास्टिकच्या पानांवर मात्र मार्कर घासून जाऊ शकतं, त्यांना छोटं स्टिकर.

आजीचा_डबा

नऊ वर्षांच्या नातीला शिकवते आहे. उणे गुण झाले की रडते. काय करू?

मुक्काम_न्यूजर्सी

रॅस्कल पद्धतीने गुण लिहा. त्यात उणे नाहीत. दर डावात प्रत्येकाला पानामागे १० मिळू शकतात, म्हणजे चौथ्या डावात ४०. बोली अचूक आली तर पूर्ण ४०, एकाने चुकली तर निम्मे, त्याहून जास्त चुकली तर शून्य. शून्याची बोली आणि तीनाची बोली दोन्ही सारख्याच मोलाच्या होतात. मोठ्या पोरांना जोर चढला तर तोफगोळा घ्या: आपण अचूकच येणार असं आधी सांगायचं, आलं तर पानामागे १५, एकाने जरी चुकलं तरी भोपळा.

काळा_चौदा

मुलांसाठी ठीक. पण मोठ्यांनी ती पद्धत घेऊ नये असं माझं मत. नवव्या डावात मूठ मिटून ठेवणाऱ्याच्या कपाळावर जो घाम येतो ना, अधिक ९० की उणे ९०, तो त्या पद्धतीत येत नाही.

आजीचा_डबा

घाम आम्हाला नकोच बाई. आभार!

हुकूमशाही

चाच्यांच्या पानांवर नावं आहेत आणि खाली काहीतरी लिहिलंय. ते काय?

उतारी_माझी

ते सवयीचे झाल्यावर खेळायचे अधिकार. त्या चाच्याने हात जिंकला तर वापरायचा. रोझी जिंकली तर पुढची उतारी कुणी करायची ते तुम्ही ठरवायचं. हुआनिता जिंकली तर न वाटलेली पानं एकट्याने बघून घ्यायची. रॅस्कल नावाचा चाचा जिंकला तर ० ते २० ची पैज लावता येते, बोली आली तर मिळतात, नाहीतर जातात. आणि हॅरी जिंकला तर आपली बोली एकाने वर किंवा खाली करता येते. डाव अर्ध्यावर असताना बोली बदलायची मुभा! आमच्याकडे हॅरी आला की आई त्याला 'हरिभाऊ' म्हणते आणि पान कपाळाला लावते.

बंदराचा_दिवा

रॅस्कलच्या नावात रोआतान आहे ते होंडुरासच्या किनाऱ्यापलीकडचं खरंखुरं बेट आहे. चाच्यांचा जुना आसरा. (थांबलो, थांबलो.)

पेटीवाला

उतारी_माझी, तुमच्या मातोश्रींच्या शून्याबद्दल ऐकायचं आहे. वर उदाहरणातही त्याच शून्य बोलल्यात, तो योगायोग वाटत नाही.

उतारी_माझी

योगायोग नाही. आई ७४ वर्षांची, जजमेंट चाळीतल्या गॅलरीत शिकलेली. पहिले दोन दिवस तिला चाचा कोण आणि वाघीण कोण हे कळत नव्हतं, तर तिने ते कळून घेण्याऐवजी शून्य बोलायला सुरुवात केली. सहाव्या डावानंतर ती हातातलं पान बघण्याआधीच मूठ मिटते असा भाच्याचा आरोप आहे. खरं तसं नाही. ती आधी बघते कुठला रंग आपल्याकडे सगळ्यात कमी आहे आणि तो पहिल्या दोन हातांत संपवून टाकते. मग त्या रंगाची उतारी झाली की दुसऱ्या रंगांतली मोठी पानं बिनघोर फेकते. पांढरी निशाणं मात्र शेवटपर्यंत जपते. आम्ही निशाण लगेच टाकून मोकळे होतो, ती शेवटच्या दोन हातांसाठी ठेवते, कारण तेव्हाच गळ्यात हात पडतात.

मागच्या रविवारी दहाव्या डावात आम्ही तिघांनी ठरवून तिच्या गळ्यात हात घालायचा प्रयत्न केला. तिघांच्या बोल्या बुडाल्या. तिचे शंभर झाले.

काळा_चौदा

काकूंना आमच्या शनिवारी पाठवा. वडापाव आमच्याकडून.

गुहागरचो_झील

गणपती झाले. तीन कंपू केलंव, रात्री दीडपर्यंत चालला. एक प्रश्न रवलो. दुसऱ्या डावात चौघांनीय पांढराच निशाण टाकलान. मग हात कोणाचो?

उतारी_माझी

ज्याने पहिलं टाकलं त्याचा. हात कुणाचा तरी व्हायलाच हवा. तो शून्य बोलला असेल तर उणे २०.

गुहागरचो_झील

पयला माझाच होता. आणि मूठ मिटलेली.